पेशीतली कामाची वाटणी

आपल्या पेशीत एकाच वेळी शेकडो रासायनिक अभिक्रिया चालतात, तरी गोंधळ होत नाही. कारण बहुतेकींची जागा ठरलेली असते. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रवात सुरू होते. १० टप्प्यांत एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू बनतात आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूंची दोनने निव्वळ भर पडते. पुढे पायरुव्हेट तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) या पेशीच्या अंगकात शिरते. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेले अभिक्रियांचे चक्र तिथेच चालते आणि तिच्या आतल्या पटलावर, ऑक्सिजन वापरून, बहुतांश एटीपी तयार होते.

मेदाम्ले मात्र बनतात पेशीद्रवात आणि जळतात मुख्यतः तंतुकणिकेत. ती बनत असताना तयार होणारे मॅलोनिल-कोए त्यांची तंतुकणिकेकडची वाट अडवते. त्यामुळे एकीकडे बांधा, दुसरीकडे मोडा, असा ऊर्जेचा अपव्यय टळतो.