कर्ब आणि नत्र : मातीतला हिशेब

कर्ब-नत्र प्रमाण म्हणजे एका भाग नत्रामागे किती भाग कर्ब.

• जिवाणूंच्या शरीरात ते सुमारे ५:१, बुरशीत १०:१ किंवा त्याहून जास्त. म्हणून नत्र कमी असलेले लाकूड आणि कडक पालापाचोळा कुजवण्यात बुरशी पुढे.

• खाल्लेल्या कर्बापैकी साधारण एक तृतीयांशच सूक्ष्मजीवांच्या शरीरात राहतो. उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. त्यामुळे सुमारे २४:१ ही सीमा. त्याखालच्या खाद्यातून नत्र सुटते. त्यावर गेले की सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढतात, पीक पिवळे पडते.

• कुजलेले शेणखत २०:१ च्या आसपास. धानाची तणस ६०:१ ते ८०:१.

• धानाच्या बांधीत उतेरा (उभ्या धानात पेरलेले पीक) म्हणून लाखोळी : मुळांच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र बांधतात.

• कुरखेड्याच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या सात्या : टर्मिटोमायसिस बुरशी. वाळवी लाकूड-पाल्याच्या चोथ्यावर ती जोपासते. बुरशी त्यातला कर्ब श्वसनात खर्ची घालते, नत्राचे प्रमाण वाढते आणि वाळवीला कसदार अन्न मिळते. कर्ब-नत्राचा इतका नेमका व्यवहार मातीत क्वचितच दिसतो.