काळा पट्टा : आमच्यापुरता अर्थ



आयोजकांनी विषय विचारायला फोन केला तेव्हा आम्ही एका दमात सांगून टाकलं, "काळा पट्टा." पलीकडे जरा शांतता. मग हळूच प्रश्न आला, "सर, जमिनीचा का?" त्यांची चूक नाही. मराठीत पट्टा जमिनीचा असतो, गिरणीचा असतो, कुत्र्याच्या गळ्यातला असतो. आणि मर्दानी खेळ पाहिलेल्यांना दांडपट्ट्यातला पट्टा आठवेल, कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीची ती लांब तलवार. आम्ही बोलणार आहोत तो कमरेचा. कराटेचा ब्लॅक बेल्ट. तो आम्हाला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मिळाला. (हशा) हसा, हसा. आम्ही आरशात पाहून पहिल्यांदा तेच केलं होतं.

आणखी एक सांगून टाकतो. आमच्या बोलण्यात 'आम्ही' येतं, ती चौतीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून लागलेली खोड आहे. घरी नात विचारते, "आजोबा, आम्ही म्हणजे आणखी कोण?" आजच्या विषयात मात्र त्या 'आम्ही'त खरंच दोघं आहेत, एक सांगणारा आणि एक करणारा. त्या दोघांचं पटेना, तीच गोष्ट सांगायची आहे.

निवृत्तीनंतर वर्षभर आम्ही पुस्तकं लावत बसलो. नात तेव्हा दुसरीत. तिला संध्याकाळी पूल ओलांडून अष्टमीत कराटेच्या क्लासला पोचवायचं काम आमच्याकडे आलं. तासभर बाकावर बसून कंटाळा यायचा. एके दिवशी क्लास घेणारे सर जवळ आले आणि म्हणाले, "सर, नुसते बसता कशाला? उभे राहा मागे." हे सर म्हणजे आमचाच जुना विद्यार्थी. बी.ए.ला आमच्याकडे तर्कशास्त्र होतं, त्यात दोनदा राहिला. म्हणजे आम्हीच ठेवला. आता पंचाईत अशी, की क्लासमध्ये शिकवणाऱ्याला सर म्हणायचं असतं. तो आम्हाला सर, आम्ही त्याला सर. सहा महिने पोरं गोंधळलेली असायची, हाक नेमकी कुणाला आहे म्हणून.

तिथे रांग वयानं लागत नाही, पट्ट्यानं लागते. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, आणि मग काळा. क्लासनुसार क्रम थोडा बदलतो. आमची नात नारिंगीत, म्हणून ती पुढे, आणि एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरेट घेऊन बसलेले आम्ही सगळ्यात मागे, एका शेंबड्या पांढऱ्या पट्ट्याशेजारी. सुरुवातीला वाकून नमस्कार करायचा. समोर भिंत. कुणाला वाकायचं? मग आठवलं, आपल्या रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, तेव्हा कुणी असा प्रश्न विचारतो का? काही ठिकाणी आधी वाकायचं असतं, कारण मागाहून कळतं.

आता हा पट्टा आला कुठून, ते थोडं सांगतो. कारण याबद्दल एक कहाणी फार सांगितली जाते : पट्टा कधी धुवायचा नाही, वर्षानुवर्षांच्या घामा-मातीनं तो पांढऱ्याचा काळा होतो. कहाणी सुंदर आहे, पण खोटी आहे. काळा पट्टा एका शाळामास्तरानं आणला. जिगोरो कानो हे जपानी गृहस्थ विद्यापीठाचे पदवीधर, पुढे टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे बरीच वर्षं प्राचार्य. त्यांनी १८८२ साली एका देवळातल्या लहानशा जागेत ज्युडोची शाळा काढली, ती कोदोकान. जुन्या पद्धतीत गुरू मर्जीनुसार मोजक्या सनदा द्यायचा आणि एका सनदेपासून दुसरीपर्यंत वर्षानुवर्षं जायची. कानोंनी 'दान' नावाच्या पायऱ्या लावल्या. ही कल्पना 'गो' या पटावरच्या खेळातून घेतलेली, तिथे खेळाडूंची प्रतवारी अशीच होत असे. १८८३ मध्ये त्यांच्या दोन शिष्यांना पहिला दान मिळाला, आणि १८८६ च्या सुमारास दानवाल्यांनी काळा पट्टा बांधायची रीत पडली. मधले रंगीबेरंगी पट्टे बरेच नंतरचे, ते रुजले युरोपात. आणि कराटे? ते ओकिनावा बेटाचं. तिथले गिचिन फुनाकोशी, हेही शाळामास्तर, १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक दाखवायला आले. कानोंनी त्यांना आपल्याकडे बोलावलं, मान दिला. फुनाकोशींनी कानोंची पद्धत उचलली आणि १९२४ साली आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे ज्याला आपण सिनेमा बघून योद्ध्याची खूण समजतो, ती मुळात दोन मास्तरांनी केलेली परीक्षापद्धती आहे. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं.

आपल्याकडे तालमीत असं काही नव्हतं. तालमीत लाल माती, लंगोट, आणि वस्ताद. कोण कितवा, हे कमरेला बांधून फिरावं लागत नाही. कोणी कोणाला चीत केलं हे गावाला ठाऊक असतं. महाराष्ट्र केसरीची गदा एकाला मिळते, बाकीचे मातीतच. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझपदक आणलं, त्यांना कुणी दान विचारला नाही. आम्ही तालमीचा मोठेपणा कमी करत नाही, उलट आमच्या मते ती पद्धत जास्त प्रामाणिक आहे. पण तिच्यात आमच्यासारख्याला जागा नाही. ज्याला कुणालाच पाडता येणार नाही, त्यानं कशाच्या जोरावर टिकून राहायचं? कानोंच्या पद्धतीत दुसऱ्याला पाडलं नाही तरी कालच्या स्वतःपेक्षा पुढची पायरी असते. तिचा तोटाही उघड आहे. पायरी विकता येते. दीड वर्षात काळा पट्टा, फी इतकी, फोटोसह प्रमाणपत्र, असं सांगणारा एक क्लास आम्ही पाहिलाय. नाव घेत नाही. डॉक्टरेटच्या बाबतीत तरी वेगळं काय पाहिलं आम्ही?

एक बारीक गोष्ट पाहा. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात आणि त्यांचे आकडे उलटे असतात. दहावा, नववा, आठवा, असं करत पहिला. उरलंय किती ते मोजायचं. काळा पट्टा आला की आकडे सुलटे होतात, पहिला दान, दुसरा, तिसरा. आणि पहिल्या दानाला जपानीत 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. ज्याला आपण 'मिळवला, संपलं' म्हणतो, त्याचं नावच आरंभाची पायरी आहे. हे आम्ही पहिल्याच महिन्यात वाचून काढलं होतं आणि लोकांना सांगतही होतो. इथेच आमचं घोडं अडलं.

सहा वर्षं आम्ही गेलो. गुडघ्यानं दोनदा दगा दिला, पावसाळ्यात दांड्या पडल्या, पण गेलो. सदुसष्टाव्या वर्षी काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला उभे राहिलो. 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्यानं काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी करायची. आम्हाला 'बस्साई दाई' होती. तिच्यावर आम्ही वही भरून टिपणं काढली होती, कुठला ब्लॉक कशासाठी, वळण का, श्वास कुठे. परीक्षेत मध्यावर एका वळणाला मनात प्रश्न आला, आता डावा की उजवा? क्षणभरच. मग बरोबर पाय टाकला. चूक एकही झाली नाही, असं आमचं मत. निकाल : नापास.

त्या रात्री पुलावरून चालत येताना आमच्या डोक्यात काय चाललं असेल, ओळखा. ज्याला आम्ही दोनदा ठेवला, त्यानं आम्हाला ठेवलं. सूड. दुसरं काय! घरी येऊन बायकोला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही त्याला ठेवलंत तो पण सूडच होता का?" आम्ही जेवलो नाही.

आठवड्यानं जाऊन विचारलं. तो म्हणाला, "सर, राग मानू नका. तुम्ही काता करत नव्हता. काता सांगत होता."

मंडळी, हे वाक्य आम्हाला आमच्या विषयात चाळीस वर्षं ठाऊक होतं. गिल्बर्ट राइल या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात भेद केलाय : अमुक असं आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक करता येणं वेगळं. करणारा आधी मनात नियम म्हणतो आणि मग करतो, असं नसतं. तसं असतं तर नियम म्हणण्यासाठी आणखी नियम लागले असते आणि माणूस जागेवरून हललाच नसता. आम्ही वळणावर नेमके तिथे उभे होतो, जागेवर. ॲरिस्टॉटल सांगतो की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याला तीन अटी घातल्यात : दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदरानं. पहिल्या दोन अटी लोक सांगतात. तिसरीकडे आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं. आम्ही क्लासला जात होतो ते जरासं वरून बघत. पोरांचा खेळ, आम्हाला त्यातलं तत्त्व कळतंय, अशा थाटात. तो माणूस ते सहा वर्षं बघत होता.

मग एक विचार आला, त्यानं झोप उडाली. चौतीस वर्षं आम्ही पोरांना कशावर मार्क दिले? सांगता येण्यावर. ज्याला करता येतं पण सांगता येत नाही, त्याला आम्ही शून्य दिलं. हा मुलगा वर्गात कुणी चुकीचा युक्तिवाद केला की नेमका हसायचा, हे आठवलं. म्हणजे त्याला तर्क कळत होता! आम्ही त्याचं एक वर्ष, कदाचित दोन, वाया घालवली. शेवटी एके दिवशी क्लास सुटल्यावर त्याला बाजूला घेतलं आणि हे सगळं बोललो. माफीच मागितली म्हणा. तो थोडा गांगरला. मग म्हणाला, "अहो सर, तेव्हा मी अभ्यासच केला नव्हता. क्रिकेट खेळायचो." (हशा)

आमची एवढी सुंदर उपपत्ती गेली पाण्यात. पण प्रश्न पूर्ण गेला नाही. हा नसेल, दुसरा कुणी असेल. आमच्याकडे त्याला ओळखायचं साधनच नव्हतं, आणि याच्याकडे होतं. लोक विचारतात, पट्टा मिळाल्यावर काय वाटलं. आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण आमच्यापुरता पट्ट्याचा अर्थ नापास झालो त्या संध्याकाळी सुरू झाला. पुढचं वर्ष आम्ही टिपणांची वही उघडली नाही. नुसते गेलो. पंच हातातून नव्हे, कमरेतून येतो, हे सहा वर्षं ऐकत होतो. एका मंगळवारी तो कमरेतून आला. आम्ही काही केलं नव्हतं. परत करून बघितला तर आला नाही. (हशा) दोन महिन्यांनी पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला परीक्षेत काय घडलं ते आम्हाला आठवत नाही, सांगता येत नाही, आणि आम्ही पास झालो.

उपयोग काय, हा प्रश्न आपल्या कोकणात विचारल्याशिवाय राहत नाहीत. चोर आला तर काय कराल? पळू. गुडघ्यांना झेपेल तेवढं. कराटेत पहिला वार आपण करायचा नसतो, ही फुनाकोशींची शिकवण, आणि आमच्या वयात ती पाळणं अगदी सोपं आहे. खरा उपयोग एकदाच झाला. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मागील दारी शेवाळावरून पाय सटकला. आम्ही पडलो, हे आम्हाला पडून झाल्यावर कळलं. पाहतो तर पाठीवर होतो, हनुवटी छातीला टेकलेली, दोन्ही तळहात बाजूला लादीवर आपटून झणझणत होते. डोकं टेकलंच नव्हतं. पडायचं कसं ते क्लासमध्ये शेकडो वेळा करून घेतलं होतं. डॉक्टरांनी आमचं वय विचारलं आणि हाडं परत एकदा तपासली. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "हे कुणी शिकवलं?" म्हटलं, "तर्कशास्त्रात दोनदा राहिलाय त्यानं."

नात पुण्याला शिकते, तिचं कराटे तपकिरी पट्ट्यावर सुटलं. ती फोनवर म्हणते, "आजोबा, आता मी तुमच्या मागे उभी राहणार." आम्ही म्हटलं, ये तर आधी. आम्ही दुसऱ्या दानाच्या तयारीत आहोत. मिळेल असं वाटत नाही, गुडघा तयार नाही. पण सध्या पांढऱ्या पट्ट्यांची बॅच आमच्याकडे दिलीय. त्यात एक पासष्टीचे गृहस्थ आलेत, बँकेतून निवृत्त. सगळं समजून घेतल्याशिवाय पाय उचलत नाहीत. वही आणतात. आम्ही अजून त्यांना काही बोललो नाही.

बरं, प्रश्न असतील तर दोनच घेऊ. आमचे सर तिथे शेवटच्या रांगेत बसलेत आणि केव्हापासून घड्याळ दाखवतायत. साडेसहाला क्लास आहे, आणि उशीर झाला तर पुशअप वयानं कमी होत नाहीत.