उंबरठ्यावरची चिचुंद्री

आमच्या सासूबाई पहाटे साडेपाचला उठतात. दिवा न लावता, भिंतीला हात लावीत न्हाणीघराकडे जाण्याची त्यांची सवय साठ वर्षांची आहे. मागच्या मार्गशीर्षात अशाच एका पहाटे माजघराच्या उंबरठ्यावर त्यांच्या अनवाणी पावलाखाली काहीतरी मऊ, ओलसर आले. त्या दचकल्या, तोल गेला. दाराची चौकट हाताशी होती म्हणून केवळ पडल्या नाहीत. मी धावत जाऊन दिवा लावला. उंबरठ्यावर मेलेली चिचुंद्री होती आणि दोन हातांवर आमची मनी पंजा चाटीत बसली होती, जणू या प्रकाराशी तिचा काही संबंधच नव्हता.

सासूबाईंचे वय ८२. मधुमेह जुना, आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज चालू. या वयात, या औषधांवर पडणे म्हणजे काय, हे या पाक्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्यामुळे त्या सकाळी घरात जे बोलणे झाले ते सारे मनीच्या विरोधात झाले. यजमान रागावले. डोंबिवलीहून नणंदेचा फोन आला, "ते मांजर आधी कुठेतरी लांब सोडून या." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मनीला मांडीवर घेऊन त्या देवघराच्या दाराशी बसून राहिल्या. त्यांच्या त्या न बोलण्याचा अर्थ आम्हाला चार महिन्यांनी कळला.

मनी आमच्याकडे आली ती २०२१च्या जुलैमध्ये, वाशिष्ठीला आलेल्या महापुरानंतर. आमचे घर चिपळूणबाहेर उंचावर असल्याने आम्ही वाचलो. पण पाणी ओसरल्यावर मागीलदारी भिजलेले, मुठीएवढे पिल्लू ओरडत बसलेले सापडले. त्याच वर्षी दिवाळीनंतर सासरे गेले. तेव्हापासून मनी सासूबाईंच्या पायथ्याशी झोपते. दिवसभरात त्या आमच्याशी बोलत नसतील इतके तिच्याशी बोलतात. डॉक्टरांनी सांगितलेले फिरणे त्या हरप्रकारे टाळतात. मात्र मनी तासभर दिसली नाही की तिला हाका मारीत परसाला दोन फेऱ्या सहज होतात. तिला 'लांब सोडून येणे' हे फोनवरून जितके सोपे वाटते तितके ते घरात राहणाऱ्याला वाटत नाही.

आता मनीच्या शिकारीविषयी. उंदीर, पाल, सापसुरळी, नाकतोडे, क्वचित एखादे पाखरू. आणि चिचुंद्र्या सर्वांत जास्त. चिचुंद्रीच्या अंगाला असलेल्या उग्र वासामुळे मांजर तिला मारते, पण सहसा खात नाही. म्हणून उंदीर नाहीसा होतो आणि चिचुंद्री उंबरठ्यावर उरते. मांजर हे आपल्याला भेट म्हणून आणते, असे अनेकजण मानतात. सासूबाईंचे मत याहून पुढचे आहे: "मला दात नाहीत ना, म्हणून माझ्यासाठी आणते." यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. मांजरी आपल्या पिल्लांसाठी आधी मेलेली, मग अर्धमेली आणि शेवटी जिवंत शिकार आणते व त्यांना शिकविते. परंतु जिची पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया झालेली आहे, ती मनी बहुधा एवढेच करीत असावी, की हाती लागलेले घबाड निवांत जागी न्यावे. आणि तिच्या दृष्टीने जगातील सर्वांत निवांत जागा म्हणजे सासूबाईंचा पलंग.

पोट भरलेले मांजर शिकार करीत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा. मांजराची भूक आणि शिकारीची ओढ या बऱ्याच अंशी स्वतंत्र गोष्टी आहेत. समोर अन्न असतानाही हलणारे सावज दिसले की ते ताट सोडून उठते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांजरांनी पकडलेल्या जीवांपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी आणलेला आढळला. बाकीचे तेथेच खाल्ले गेले किंवा तेथेच टाकले गेले. म्हणजे उंबरठ्यावर एक दिसते तेव्हा परसात, फणसाच्या बुंध्याशी आणखी काही पडलेले असू शकते.

चैत्रात तुळशीमागच्या जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले होते. एके दुपारी मनी त्यातले एक पिल्लू तोंडात धरून पडवीत आली. पिल्लू जिवंत होते, चिवचिवत होते. घरात दुसरे कोणी नव्हते. सासूबाईंनी मनीच्या जबड्यात बोट घालून पिल्लू सोडविले आणि मनीचा दात त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला. त्यांनी त्यावर हळद दाबली, पिल्लू झुडपात ठेवले, आणि हे कोणालाही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आले ते वेगळ्याच गोष्टीवरून. त्या जपाला बसल्या होत्या आणि माळ डाव्या हाताने ओढीत होत्या. असे त्यांनी आयुष्यात कधी केले नसेल. पदर बाजूला केला तर अंगठ्यापासून मनगटापर्यंत हात लाल, तापलेला आणि सुजलेला. अंगात ताप होता, साखर चढली होती. चार दिवस रुग्णालयात राहून शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, लगेच का आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "सांगितले असते तर मनीला सोडून आले असते."

त्या उत्तराने आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या. चिचुंद्रीने किंवा मनीच्या दाताने जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक आमच्या त्या सकाळच्या रागाने केले होते. वृद्ध माणसाच्या मनात एकदा बसले की खरे सांगण्याची किंमत आपल्या सोबत्याला मोजावी लागेल, तर ते माणूस ओरखडा लपविते, पडल्याचे लपविते, ताप लपविते. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी मांजराच्या नखांइतकेच या लपविण्याकडे लक्ष द्यायला हवे.

मांजराच्या चाव्याची जखम फसवी असते. दात सुईसारखे बारीक. वरून टाचणी टोचल्याएवढे छिद्र दिसते, पण ते खोल जाते, तोंडातील जंतू आत सोडते आणि लगेच मिटते. पाश्चुरेला नावाचा जंतू निरोगी मांजरांच्या तोंडातही सर्रास असतो आणि त्याने आलेली सूज पुष्कळदा एका दिवसातच वाढते. हाताच्या सांध्याशी किंवा स्नायुबंधाशी दात लागला, त्यातून माणूस मधुमेही, म्हणजे वाट पाहण्यास वेळ नाहीच. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण दोन मिनिटांतच आपल्याला पुरे वाटू लागते. हळद, चुना, तिखट काही लावू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीज कुत्र्याइतकाच मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही. लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या तारखांना घ्याव्या. रक्त आले असेल तर जखमेत भरण्याचे इंजेक्शनही लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीविषयी डॉक्टरांना सांगावे, ती आपल्या मनाने बंद करू नये. मनीची वार्षिक रेबीज लस त्या वेळी दोन महिने उलटून गेली होती, हे येथे कबूल केलेले बरे.

पिल्लू वाचवायचे असेल तर काय करावे, असे सासूबाईंनी नंतर मला विचारले. मनीवर मोठा टॉवेल टाकावा किंवा सुक्या मासळीचा डबा वाजवावा. ती बहुधा तोंडातले सोडते. न सोडले तर तो जीव गेला असे समजावे. जबड्यात बोट घालू नये, आठ वर्षांच्या मुलाने नाही आणि ऐंशीच्या आजीने तर नाहीच.

मेलेला उंदीर किंवा चिचुंद्री उचलण्याचे काम आता माझे आहे, सासूबाईंचे नाही. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची भीती पावसाळ्यात, विशेषतः पुरानंतर, दरवर्षीची. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रातून येतात आणि त्वचेच्या भेगांतून शरीरात शिरतात. आणि सासूबाईंच्या टाचांना भेगा बारा महिने. म्हणून हातात रबरी मोजे, पायात चप्पल. जागा कोरडी झाडायची नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असे मिश्रण त्यावर ओतून पाचदहा मिनिटे थांबायचे, मग चिमट्याने उचलून विहिरीपासून दूर खोल पुरायचे. शहरात दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. उंदरांसाठी घरात विषाच्या वड्या किंवा पूड ठेवणे आम्ही पूर्ण बंद केले. विष खाल्लेला उंदीर मंदावतो, सहज सापडतो, आणि त्याला खाणाऱ्या मांजराच्या जिवावर बेतते.

शिकार कमी व्हावी म्हणून काय करता येते? इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरपूर मांसांश असलेले व धान्य नसलेले खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच ते दहा मिनिटे दोरीला पीस बांधून खेळविल्याने २५ टक्के. गळ्यातल्या घंटेचा मात्र उपयोग दिसला नाही. आमच्या घरी मांसमच्छी शिजत नाही. मनी दूधभातावर वाढलेली. हा आकडा वाचल्यावर मला प्रथमच वाटले, की आपण ज्याला तिची खोड म्हणतो ती थोडीफार तिच्या ताटाची उणीवही असेल. मांजर मूळचे मांसाहारी. टॉरिन नावाचा जो घटक त्याला लागतो तो दूधभातातून पुरेसा मिळत नाही, आणि दूध कित्येक मोठ्या मांजरांना पचतही नाही. सोवळ्याचा प्रश्न सासूबाईंनीच सोडविला. मनीचे तयार खाद्य आणि तिची ताटली पडवीत, विहिरीकडच्या कोपऱ्यात, घरात नाही. दोरीला पीस बांधून खेळविण्याचे काम त्यांनी खुर्चीत बसून करायचे. त्यांच्या खांद्यालाही ते मानवते.

घंटा आम्ही तरीही बांधली, पण पाखरांसाठी नव्हे. ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या पट्ट्यात ती आहे, आणि तिच्या आवाजाने मनी पायात घोटाळते आहे हे सासूबाईंना अंधारातही कळते. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत मनी घरातच असते, मागचे दार बंद. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत हालचाल होताच लागणारे तीन छोटे दिवे बसविले आहेत आणि चपला पलंगाशी. सकाळी मनी बाहेर जाऊन परत आली की आधी पडवीच्या जाळीदार दारामागून तिचे तोंड पाहायचे, मग दार उघडायचे. यजमान त्याला जकात नाका म्हणतात.

एक भीती मात्र गरजेपेक्षा मोठी केली जाते, ती टोक्सोप्लाझ्माची. कच्चा उंदीर खाणाऱ्या मांजराला तो होऊ शकतो, परंतु त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून सहसा पहिल्या संसर्गानंतरचे दोनेक आठवडेच पडतात आणि ती संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढली आणि परसातली भाजी नीट धुतली तर धोका पुष्कळ उतरतो. कर्करोगाची औषधे, स्टेरॉइड किंवा अवयवरोपणानंतरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी मात्र ते काम स्वतः करू नये. मातीत काम करतानाही मोजे घालावेत. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध आणि पिसवांवरचा उपाय पशुवैद्यांना विचारून करावा.

आणि मनी एखाद्या कोपऱ्याकडे टक लावून शेपटीचे टोक हलवीत बसली असेल, तर तेथे काठी घालू नये. फुरसे आणि मण्यार आमच्या भागात नवे नाहीत. आधी सासूबाईंना खोलीबाहेर आणायचे, दार लावून खाली फट बुजवायची आणि सर्पमित्राला बोलवायचे. त्याचा क्रमांक फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत आहे, १०८च्या शेजारी.

रुग्णालयातून घरी आल्यावर सासूबाईंनी एक नवीच गोष्ट सुरू केली. दिनदर्शिकेच्या ज्या चौकोनांत त्या दुधाचा हिशेब लिहितात, त्यांतच मनीच्या शिकारीची नोंद करू लागल्या. कोणी सांगितले नव्हते. "काही लपवले असे नको," एवढेच म्हणाल्या. ओरखडा उठला तर तोही लिहितात, धुतल्याच्या वेळेसह. नव्या खाद्यानंतर चौकोन पूर्वीपेक्षा रिकामे राहतात, पण अगदी रिकामे कधीच नाहीत. पहाटे कधी आतून हाक येते, "अगो, आणलंन हो तुझ्या मनीनं!" असे काही झाले की मनी माझी असते. मी मोजे घालून जाते. गेल्या मंगळवारच्या चौकोनात 'दूध १ लि.' याच्या खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरांत आहे: 'पाल. शेपूट नाही.' आणि बुधवारी: 'शेपूट पलंगाखाली मिळाली.'