बर्फासाठी आणि रानवाटांसाठी एटीव्ही : स्वस्त कोणती, परवडणारी कोणती?

मुंबई-पुण्याच्या वाचकाला चार जाड, फुगीर चाकांची आणि मोटारसायकलीसारख्या हँडलने वळणारी ‘एटीव्ही’ ठाऊक असते ती प्रामुख्याने अलिबाग-नागावच्या समुद्रकिनाऱ्यावरील करमणूक म्हणून. पाच-दहा मिनिटांची फेरी मारायची, छायाचित्र काढायचे आणि उतरायचे. उत्तर अमेरिकेच्या हिमपट्ट्यात मात्र हेच वाहन फावडे, कुऱ्हाड आणि शिडी यांच्या पंक्तीत बसते. हिवाळ्यात अंगणातील बर्फ लोटायचा आणि उन्हाळ्यात जंगलातील वाटा धुंडाळायच्या, अशी दुहेरी कामगिरी त्याच्याकडून अपेक्षित असते. मिशिगन, मिनेसोटा, उत्तर न्यूयॉर्क किंवा कॅनडातील ऑन्टारिओ येथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे शहरातील अपार्टमेंट सोडून प्रशस्त आवाराच्या घरात राहायला जातात, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांना या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. रस्त्यापासून गराजपर्यंतचा ड्राइव्हवे २० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, असे समजू. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला, तर १६ घनमीटर बर्फ साचतो. तो ताजा आणि भुसभुशीत असेल तर त्याचे वजन सुमारे दीड टन भरते. ओला आणि दबलेला असेल तर तेच वजन चार टनांच्या घरात जाते. एवढा भार कडाक्याच्या थंडीत फावड्याने उपसणे हृदयविकाराला निमंत्रण ठरू शकते, असा इशारा अमेरिकेतील डॉक्टर दर हिवाळ्यात देतात. शिवाय हे एकदा करून भागत नाही. महासरोवरांवरून येणारे बाष्प किनाऱ्यालगतच्या भूभागावर हिमाच्या रूपाने अक्षरशः ओतले जाते. सिराक्यूज शहरात वर्षाकाठी सरासरी १२० इंचांहून अधिक बर्फ पडतो. मिशिगनच्या उत्तर टोकावरील किविनॉ परगण्यात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फाची नोंद झाली होती.

आधी गरज मोजा

एटीव्ही घेण्यापूर्वी ती खरोखरच हवी आहे का, हे तपासणे श्रेयस्कर. दोन मोटारी जेमतेम मावतील एवढाच ड्राइव्हवे असेल, तर हाताने ढकलायचा स्नोब्लोअर पुरेसा असतो आणि तो कितीतरी कमी खर्चात येतो. एटीव्हीला जोडलेला प्लाऊ बर्फ उडवत नाही, तो बाजूला सरकवतो. त्यामुळे सरकवलेला बर्फ साठवण्यासाठी कडेला मोकळी जागा लागते. जेथे हिवाळाभर बर्फ वितळतच नाही, तेथे कडेचे ढिगारे वाढत जाऊन वाट अरुंद होते. लांब ड्राइव्हवे, कडेला भरपूर जागा आणि उन्हाळ्यात ट्रेलवर जाण्याची खरी हौस, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच हा खर्च सार्थकी लागतो.

इंजिन किती, आणि गिअर कसा?

नवखा ग्राहक प्रथम इंजिनाच्या आकारमानाकडे पाहतो. सर्वांत स्वस्त असतात त्या २५० ते ३०० सीसीच्या, केवळ मागच्या दोन चाकांना गती देणाऱ्या गाड्या. कोरड्या वाटेवर त्या झकास पळतात. पण प्लाऊ लावताच पुढचा भाग जड होतो, मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि गाडी रुतते. म्हणून बर्फासाठी चारही चाकांना गती देणारी रचना ही पहिली अट मानावी. दुसरी अट वजनाची. प्लाऊ लोटण्याची ताकद केवळ इंजिनातून येत नाही, चाके जमिनीला किती घट्ट धरतात यावरही ती अवलंबून असते. ४०० ते ५०० सीसीच्या गाड्या साधारण तीनशे किलोच्या आसपास असतात आणि घरगुती कामासाठी तेवढे वजन पुरते. ७०० किंवा १००० सीसीचे इंजिन वेगाच्या हौसेसाठी ठीक. ताशी पाच-सहा मैलांनी बर्फ लोटताना त्या शक्तीचा उपयोग होत नाही.

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पोलॅरिस, यामाहा, सीएफमोटो आदी कंपन्यांच्या बहुतेक गाड्यांत रबरी पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित रचना असते. ती चालवायला सोपी. पण जड काम करताना पट्टा घसरतो, तापतो आणि अखेरीस जळतो. यावरचा उपाय म्हणजे ‘लो रेंज’, म्हणजे कमी वेग आणि अधिक जोर देणारा गिअर. बर्फ लोटताना तो लावल्यास पट्ट्याचे आयुष्य कितीतरी वाढते. ज्या पट्ट्याच्या गाडीत लो रेंज नाही, तिला प्लाऊ जोडू नये. होंडाच्या रँचर ४२० सारख्या गाड्यांत पट्टाच नसतो, मोटारसायकलीप्रमाणे दात्यांचे गिअर असतात. त्यामुळे पट्टा जळण्याची चिंता नाही आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही चांगला लागतो. पुढे-मागे सतत करताना गिअर बदलत राहावे लागते, एवढाच काय तो जाच.

येथेच दोन्ही कामांच्या अपेक्षा परस्परविरोधी ठरतात. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतील, तर वजन पडल्यावर गाडी मागे बसत नाही आणि दुरुस्तीही कमी लागते. बर्फासाठी ही रचना उत्तम. परंतु खडक आणि मुळ्यांनी भरलेल्या वाटेवर हाच आस खाली आपटतो आणि कंबरेला प्रत्येक धक्का जाणवतो. चारही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र असेल, तर प्रवास सुखाचा होतो आणि जमिनीपासूनची उंचीही अधिक मिळते. वर्षातून पंधरा-वीस वेळा बर्फ आणि दोन-तीनदाच ट्रेल, असे गणित असेल तर अखंड आस चालेल. दर शनिवार-रविवारी जंगलात जायचे असेल, तर स्वतंत्र सस्पेन्शनसाठी थोडे अधिक पैसे मोजावेत.

पाते किती रुंद असावे?

प्लाऊचे पाते ५० इंची घ्यावे की ६० इंची, यात अनेकांची फसगत होते. ५० इंची पाते स्वस्त आणि गाडीच्या रुंदीएवढे, म्हणून ते पुरेसे वाटते. परंतु बर्फ कडेला सरकवायचा तर पाते तिरके करावे लागते आणि तिरके करताच त्याची उपयुक्त रुंदी घटते. ३० अंशांत वळवलेले ५० इंची पाते केवळ ४३ इंच वाट साफ करते. गाडीची रुंदी ४६ ते ४८ इंच असल्याने कडेची चाके न काढलेल्या बर्फावरून चालतात, बर्फ दाबून घट्ट करतात आणि तो गोठला की पुन्हा निघत नाही. ६० इंची पाते त्याच कोनात ५२ इंच वाट मोकळी करते, म्हणजे दोन्ही चाके साफ जमिनीवर राहतात. मध्यम आकाराच्या गाडीसाठी म्हणूनच ६० इंच योग्य.

पाते उचलण्यासाठी पुढे विंच बसवतात. दिवसातून शेकडो वेळा पाते वर-खाली होते आणि पोलादी तार त्याच थोड्याशा भागात वाकून तुटते. म्हणून कृत्रिम धाग्याचा दोर किंवा जाड पट्टा वापरावा. विंच बॅटरीवर मोठा ताण टाकते आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. गराजमध्ये छोटा चार्जर कायम जोडून ठेवणे हा साधा उपाय आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या थंडीत सुरू होताना छळतात. फ्युएल इंजेक्शन असलेली गाडी मिळत असेल तर तिला प्राधान्य द्यावे.

नवी की जुनी?

मध्यम क्षमतेच्या नव्या गाडीसाठी साधारण साडेपाच ते आठ हजार डॉलर मोजावे लागतात. त्यावर वाहतूक आणि जुळणीचा खर्च, कर, प्लाऊ, विंच, मागच्या चाकांच्या साखळ्या आणि हेल्मेट धरले, तर आणखी दीड ते दोन हजार डॉलर सहज लागतात. हा दुसरा आकडा जाहिरातीत दिसत नाही आणि अंदाजपत्रक तेथेच कोसळते. त्यामुळे सहा-आठ वर्षे वापरलेली, परंतु नावाजलेल्या कंपनीची गाडी हा अनेकदा शहाणपणाचा पर्याय ठरतो.

जुनी गाडी पाहताना मैल आणि तास हे दोन्ही आकडे विचारावेत. १,२०० मैल हा आकडा कमी वाटतो. पण मीटरवर ३०० तास असतील, तर सरासरी वेग ताशी अवघा ४ मैल निघतो. याचा अर्थ गाडीने आयुष्यभर जड कामच केले आहे. गाडीखाली वाकून प्लाऊची पट्टी जेथे बसते तेथे सांगाड्याला तडा आहे का, आसांवरील रबरी टोप्या फाटल्या आहेत का, हे पाहावे. इंजिनातील तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, असे समजून तेथूनच परत फिरावे. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असेल तर त्यामागे कारण असू शकते.

याहून स्वस्त पर्याय इंटरनेटवर दिसतो : खोक्यात बंद होऊन घरी येणारी, अपरिचित नावाची नवी गाडी. येथे थोडा इतिहास आठवावा. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची गाडी आणली आणि १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची. तीन चाकी गाड्या वळणावर उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये प्रमुख कंपन्यांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. पुढे २००८ च्या कायद्याने आणि २००९ पासून लागू झालेल्या सक्तीच्या मानकाने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या एटीव्हीसाठी ब्रेक, सस्पेन्शन आदींचे निकष ठरले. शिवाय उत्पादकाचा सुरक्षा आराखडा ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाने मंजूर केलेला असणे बंधनकारक झाले. खोक्यातून येणारी गाडी या चौकटीत बसते का, हे पैसे भरण्यापूर्वीच तपासावे. केवळ चिनी म्हणून गाडी वाईट ठरत नाही. सीएफमोटो ही चिनी कंपनीच आहे आणि तिचे विक्रेत्यांचे जाळे अमेरिकेत उभे आहे. खरा प्रश्न सुट्या भागांचा आहे. जानेवारीत, हिमवादळाच्या आदल्या दिवशी एखादा भाग तुटला तर तो पन्नास मैलांच्या आत मिळेल का? उत्तर नकारार्थी असेल, तर वाचवलेले हजार डॉलर त्याच दिवशी वाया गेले.

ट्रेलवर जाण्यापूर्वी

मिशिगनमध्ये एटीव्हीसाठी आखलेल्या वाटांचे जाळे तीन हजार मैलांहून मोठे आहे. त्यांतील अरुंद वाटा ५० इंच रुंदीपर्यंतच्या वाहनांसाठी राखीव असतात. म्हणूनच दोघे शेजारी-शेजारी बसतात अशी रुंद ‘साइड-बाय-साइड’ गाडी तेथे चालत नाही. त्या वाटांवर जाण्यासाठी दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. विमा स्वतंत्रपणे विचारून घ्यावा. घराच्या विम्यात आवाराबाहेरील अपघात धरला जातोच असे नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी भारतातून आलेल्या पाहुण्यांसमोर हटकून विसरली जाते. अमेरिकेत अशा वाहनांच्या अपघातांत दरवर्षी सातशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात. बहुतेक एटीव्ही एकाच स्वारासाठी बनवलेल्या असतात. लांब सीट पाहून मागे नातवाला बसवण्याचा मोह होतो. पण ती सीट स्वाराला चढावर पुढे आणि उतारावर मागे सरकता यावे म्हणून लांब ठेवलेली असते. मागे दुसरे माणूस बसले की तोल बिघडतो आणि तीनशे किलोची गाडी अंगावर उलटू शकते. सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती मोठ्यांची गाडी देऊ नये, असे सुरक्षा आयोग आणि उत्पादक दोघेही बजावतात. डांबरी रस्त्यावरही ती नेऊ नये, कारण तिचे टायर आणि रचना त्यासाठी नसतात.

ज्यांना आता निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी हिशेब असा मांडता येईल : ४०० ते ५०० सीसी, चारही चाकांना गती, लो रेंज किंवा दात्यांचे गिअर, फ्युएल इंजेक्शन, ६० इंची पाते आणि तासाभराच्या अंतरावर विक्रेता. या अटींत बसणारी सहा-आठ वर्षांची जुनी गाडी मिळाली, तर ती खोक्यातून आलेल्या नव्याकोऱ्या गाडीपेक्षा अधिक परवडेल. खरेदी शक्यतो वसंतात करावी. बर्फ वितळला की विकणारे अधिक आणि घेणारे कमी असतात. शिवाय पहिले हिमवादळ येण्यापूर्वी गाडीची सवय करून घ्यायला संपूर्ण उन्हाळा हाताशी राहतो.