पाश्चात्त्य संगीत : मठापासून जनसामान्यांपर्यंत

भीमजयंतीच्या मिरवणुकीत बँडपथक भीमगीतांचे सूर छेडते, तेव्हा गीत आपले असते. पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्ये युरोपातून आलेली असतात. ज्या परंपरेत ती घडली, तिचा इतिहास म्हणजे ‘संगीत कोणाचे?’ या प्रश्नाचाही इतिहास होय.

मध्ययुगात (सुमारे ५०० ते १४००) लिहून ठेवलेले संगीत मुख्यतः चर्चचे होते. अकराव्या शतकात ग्विदो या इटालियन मठवासी साधूने आडव्या रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे कधीही न ऐकलेले गीत केवळ वाचून गाता येऊ लागले. पुढे प्रबोधनकाळात (१४०० ते १६००) अनेक चाली एकत्र गुंफून गाण्याची कला बहरली. १५०१ मध्ये पेत्रुच्ची याने व्हेनिस येथे अशा गीतांचा संग्रह छापला आणि मठातील विद्या मठाबाहेर पोहोचू लागली.

बरोक काळ (१६०० ते १७५०) हा ऑपेराच्या उदयाचा आणि बाख व हँडेल यांचा काळ. याच काळात व्हेनिसमध्ये टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी ‘पिएता’ ही संस्था होती. १७०३ पासून अंतोनियो विवाल्दी तेथे व्हायोलिन शिकवू लागले. तेथील मुली जाळीआड बसून वादन करीत आणि ते ऐकण्यास दूरदूरचे प्रवासी येत. त्यांना घराण्याचे नाव नव्हते. म्हणून त्यांतील एक ‘व्हायोलिनची आन्ना मारिया’ अशी वाद्याच्या नावानेच प्रसिद्ध झाली. जन्माने जे नाकारले, ते विद्येने दिले. निवासी शाळेचे मोल जाणणाऱ्या आपणा सर्वांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अभिजात काळात (१७५० ते १८२०) हायडनला सरदाराच्या पदरी सेवकाचा गणवेश घालावा लागे. मोझार्टने १७८१ मध्ये आर्चबिशपची चाकरी सोडली. बीथोव्हेन तर मानाने स्वतंत्र जगला.

एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी संगीतकार वाग्नर याने १८५६ मध्ये आनंद आणि चांडालकन्या प्रकृती यांच्या बौद्ध कथेवर ऑपेराचा आराखडा लिहिला. तिला संघात प्रवेश मिळतो, असा त्याचा शेवट होता. ऑपेरा पूर्ण झाली नाही. याच वाग्नरने ज्यूंविषयी द्वेषपूर्ण लेखनही केले. कलेची थोरवी आणि मनाची समता नेहमी एकत्र नांदतेच असे नाही, हा धडाही या इतिहासात आहे.

विसाव्या शतकात गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांनी अमेरिकेत जॅझ घडवला. इकडे गोव्यातील चर्चशाळांमध्ये स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा संगम घडवला.

बाबासाहेबांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले होते. कोणतीही विद्या परकी नसते. तिचे दार उघडून देणारा शिक्षक मात्र हवा. सुकापूरच्या आपल्या मुलांच्या हाती लेखणीबरोबर एखादे वाद्यही असावे, एवढीच अपेक्षा.