अलॉय व्हीलवरचे हट्टी डाग: घासण्याआधी ओळखा

नव्या मोटारीची चकचकीत अलॉय व्हील काही महिन्यांतच काळपट दिसू लागतात. दर रविवारी गाडी धुऊनही हा थर हटत नाही. मग तारेची घासणी किंवा स्वच्छतागृहासाठीचे आम्ल वापरण्याचा मोह होतो. डाग निघतात, मात्र त्यांच्यासोबत चाकाचे संरक्षक कवचही निघून जाते.

बहुतेक अलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यांवर रंग आणि रंगावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर दिलेला असतो. हा थर शाबूत असेपर्यंतच आतील धातू सुरक्षित राहतो. त्यामुळे डाग कशाचा आहे, हे पाहूनच उपाय निवडणे शहाणपणाचे ठरते.

सर्वाधिक त्रास देतो तो ब्रेकचा भुगा. ब्रेक दाबताना पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून लोहाचे तप्त सूक्ष्म कण उडतात, लॅकरला चिकटतात आणि दमट हवेत गंजतात. ब्रेकचा अधिक भार पुढच्या चाकांवर पडत असल्याने बहुधा तीच आधी काळवंडतात. असे डाग साबणाने निघत नाहीत.

सफाईपूर्वी चाके पूर्ण थंड होऊ द्यावीत. तापलेल्या धातूवर द्रावण लगेच वाळून नवे डाग पडतात. एका वेळी एकच चाक घ्यावे. प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने वाळूचे कण काढावेत, मग कार शाम्पू आणि मऊ ब्रशने धुवावे. तरीही उरलेल्या तांबूस ठिपक्यांसाठी आम्लरहित 'आयर्न रिमूव्हर' मिळतो. लोहाशी संयोग होताच तो जांभळा होतो. डब्यावरील सूचनेइतकाच वेळ ठेवून, वाळण्याआधी तो भरपूर पाण्याने धुवावा. डांबराचे ठिपके कापडावर थोडे रॉकेल घेऊन हळुवार पुसावेत आणि लगेच साबणाने धुवावेत. रॉकेल टायरच्या रबरास व ब्रेकला लागू देऊ नये.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तर तीव्र आम्ले लॅकर आणि धातू दोन्ही बिघडवतात. चाके धुण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून आत शिरून खोलवर इजा करते आणि वेदना कधीकधी काही तासांनी जाणवते. म्हणूनच द्रावणाच्या डब्यावरील घटक वाचल्याशिवाय ते स्वतः वापरू नये आणि गाडी धुणाऱ्या मुलाच्या उघड्या हातीही देऊ नये. सौम्य द्रावण वापरतानाही हातमोजे घालावेत.

काही डाग मात्र डाग नसतातच. लॅकरखाली वळवळत गेलेल्या पांढुरक्या रेषा किंवा फुगवटे म्हणजे आतील धातूचे क्षरण होय. दगडाच्या माराने लॅकर फुटले की तेथून ओलावा आणि क्षार शिरतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ही क्रिया वेगाने होते. त्यावर घासणे व्यर्थ आहे. जुना थर काढून चाक पुन्हा रंगवून घ्यावे लागते. धुतल्यावर एखादी बारीक भेग दिसली, तर मात्र ते चाक न वापरता जाणकाराकडून तपासून घ्यावे.

सफाईनंतर मेणाचा हलका हात दिल्यास भुगा कमी चिकटतो. गाडी बाहेर काढताना सुरुवातीला हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबावेत. ओल्या डिस्कवर ब्रेक क्षणभर उशिरा लागू शकतात.