केबल कंपनीचा दंड कोणाच्या खिशातून?

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामध्ये बेगडेवाडी हे छोटे स्टेशन आहे. अशा वस्तीत किराणा दुकानदार असो की शिलाईकाम करणारा कारागीर, केबलची वायर बहुधा एकाचीच आणि पैसे न्यायला येणारा माणूसही एकच. "केबल कंपनीला दंड" अशी बातमी वाचली की आपल्याला बरे वाटते. पण तो दंड शेवटी भरतो कोण, हा हिशेब व्यापारी माणसाने मांडायलाच हवा.

आपल्याच धंद्याचे उदाहरण घेऊ. तराजूत खोट सापडली आणि वजनमाप निरीक्षकाने किराणावाल्याला दंड केला, तर तो त्याला स्वतःच्या नफ्यातून भरावा लागतो. वसुलीसाठी त्याने साखरेचा भाव वाढवला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. केबलचे तसे नाही. जिथे शेजारचे दुकानच नाही, तिथे कंपनी दंडाची रक्कम खर्चात धरते. मग महिन्याचे शुल्क वाढते, नाहीतर दुरुस्तीची माणसे कमी होतात. 2019 मध्ये लागू झालेल्या ट्रायच्या नियमांत 100 वाहिन्यांसाठी नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा 130 रुपये होती. जुलै 2024 मध्ये या शुल्कावरील मर्यादाच काढण्यात आली. त्यामुळे भाववाढीला आळा घालणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे स्पर्धा.

पंजाबचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. तेथील बहुतेक केबल ग्राहक फास्टवे समूहाकडे होते. एका वृत्तवाहिनीचे प्रक्षेपण बंद केल्यावरून 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या समूहाला सुमारे 8 कोटी रुपये दंड केला. 2014 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिनीला बाजार नाकारला गेल्याचे मान्य केले, पण करार तोडण्यामागची कारणे पाहून दंड लावला नाही. समजा, दंड कायम राहिला असता, तरी कायद्याने ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा झाली असती. ज्यांच्या पडद्यावरून वाहिनी गेली, त्यांच्या हाती रुपयाही पडला नसता.

अमेरिकेत दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. 2016 मध्ये कॉमकास्ट कंपनीने ग्राहकांनी न मागितलेल्या सेवांचे पैसे लावल्याबद्दल 23 लाख डॉलर दंड भरला, तो सरकारी तिजोरीत गेला. 2018 मध्ये मात्र न्यूयॉर्क राज्याने चार्टर कंपनीशी तडजोड करताना वेगळा मार्ग धरला. इंटरनेटचा कबूल केलेला वेग न दिल्याबद्दल 7 लाखांहून अधिक ग्राहकांना प्रत्येकी 75 ते 150 डॉलर परत मिळाले.

आमच्या मते न्याय या दुसऱ्या मार्गाचा आहे. मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. हुकूकुल इबादची शिकवणही हीच आहे की ज्याचा हक्क मारला, त्यालाच तो परत करावा लागतो. तिजोरीत रक्कम भरली म्हणून गिऱ्हाइकाचे देणे फिटत नाही.

मग आपण काय करावे? दरमहा पावती मागून घ्यावी आणि तक्रारीचा क्रमांक, तारीख लिहून ठेवावी. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. तेथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तेथे तक्रारीची फी लागत नाही, मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. "तुम्ही धंदेवाले, तुम्ही ग्राहक नाही" असे कोणी म्हटले तर गप्प बसू नये. केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. चार लोक नोकरीला ठेवून मोठा व्यापार करणाऱ्याला ही सवलत मिळेलच असे नाही, पण एकट्याने मशीन चालवणाऱ्या कारागिराने हे जरूर ध्यानात ठेवावे.

दंडाच्या बातमीने खूश होण्याआधी एकच प्रश्न विचारावा: यातले गिऱ्हाइकाला किती परत मिळाले? उत्तर "काही नाही" असेल, तर तो दंड पुढच्या महिन्याच्या पावतीवर आपल्याच नावे पडण्याचा धोका आहे.